हातातला पाना आणि कागदावरचा आकडा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



वार्षिक समारंभात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, टाळ्या घ्याव्यात आणि खाली बसावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. शिक्षणाचे महत्त्व आपणां सर्वांना ठाऊकच आहे, म्हणून मी आज त्याऐवजी मोटारसायकलचे एक लहानसे इंजिन आपल्यापुढे ठेवणार आहे. ते कारखान्यात कसे जुळवतात, हे सांगता सांगता जे निघेल तेच माझे भाषण.

सांताक्रूझच्या मंडळींना इंजिन नवे नाही. कलिन्याहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या सी. एस. टी. रोडवर गॅरेज आणि जुन्या स्पेअरपार्टची दुकाने ओळीने उभी आहेत. वाकोला आणि गोळीबार या भागांतली कितीतरी मुले आठवी-नववीतून उठून अशा गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली गेली. त्यांच्या हुनराबद्दल मला मनापासून आदर आहे. नुसता आवाज ऐकून टॅपेट वाजतो आहे की पिस्टन, हे सांगणारे कान विकत मिळत नाहीत. परंतु घराघरांत एक वाक्य ऐकू येते : "पोराचा हात चांगला चालतो, मग दहावीत बसवून काय कलेक्टर करायचाय? गॅरेजला लावू." या वाक्याविषयी आज मला बोलायचे आहे.

आधी थोडा इतिहास. दादरला गाडी बदलून मध्य रेल्वेने भांडुपला जा. तेथे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया हा कारखाना होता. इटलीतील मिलान शहराच्या इनोसेंती कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटर १९५० च्या दशकापासून तेथे तयार होत असे. पुढे तीच लॅम्बी या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनीने इटलीच्याच पियाज्जिओकडून परवाना घेऊन १९६० च्या दशकात व्हेस्पा बनवली आणि १९७२ साली चेतक आणली. नोव्हेंबर १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि १९८६ मध्ये जपानच्या कावासाकीच्या सहकार्याने शंभर सी.सी.ची मोटारसायकल आली. म्हणजे लहान इंजिने जुळवण्याचे काम दोन पिढ्यांहून अधिक काळ आपल्या महाराष्ट्रात, आपल्या दारापाशी चाललेले आहे.

आता लाईन म्हणजे काय ते पाहू. १९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्डच्या कारखान्यात मॅग्नेटो जुळवण्याचे काम एक कारागीर एकट्याने करी आणि एक नग पुरा व्हायला त्याला सुमारे वीस मिनिटे लागत. फोर्डने ते काम एकोणतीस भागांत तोडले आणि नग माणसापुढून सरकता ठेवला. वेळ तेरा मिनिटे दहा सेकंदांवर आला, आणि आणखी सुधारणा होत होत पाच मिनिटांवर. माणसे तीच होती, हातही तेच होते, बदलली ती कामाची मांडणी. आज जगातले बहुतेक मोटारसायकलचे कारखाने याच तत्त्वावर चालतात.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गणित घ्या. आठ तासांच्या पाळीतून जेवण आणि चहाची अर्धा तास सुट्टी वजा केली तर ४५० मिनिटे उरतात, म्हणजे २७,००० सेकंद. समजा, त्या पाळीत ९०० इंजिने काढायची आहेत. मग दर तीस सेकंदांनी एक इंजिन लाईनवरून उतरले पाहिजे. लाईनवरच्या प्रत्येक माणसाला आपले काम त्याच तीस सेकंदांत, बिनचूक, नऊशे वेळा करायचे आहे.

चला, आपण या लाईनच्या कडेने चालत जाऊ. सुरुवातीला क्रँककेसचे दोन अर्धे भाग येतात. त्यांत बेअरिंगे प्रेसवर दाबून बसवतात. मग क्रँकशाफ्ट आणि गिअरचे दोन शाफ्ट आत जातात आणि दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवून बोल्टांनी आवळतात. पुढे पिस्टन येतो. पिस्टनच्या माथ्यावर खूण असते, ती कोणत्या बाजूला यावी हे ठरलेले असते. त्याच्या रिंगांची तोंडे एका रेषेत आली तर त्यांतून दाब निसटतो, म्हणून ती एकमेकांपासून १२० अंशांवर फिरवून ठेवतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते, आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या आसपास. फट कमी पडली तर तापल्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगून जाम होतो, जास्त झाली तर इंजिन वाजते आणि तेल खाते. म्हणून पिस्टन आणि सिलिंडर मोजून त्यांचे गट पाडलेले असतात आणि गटाला गट जुळवून बसवतात.

त्यानंतर हेड. हेडचे बोल्ट एकाच बाजूने आवळत गेलो तर हेड वाकडे बसते, म्हणून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. किती आवळायचे, तो आकडा कागदावर लिहिलेला असतो. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी दहा किलोचा जोर लावला तर दोन किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे वीस न्यूटन-मीटर टॉर्क होतो. शाळेच्या पुस्तकात जो तरफेचा धडा आपण परीक्षेपुरता पाठ करतो, तो येथे रोज नऊशे वेळा उपयोगी पडतो. ठरलेला टॉर्क आला की पाना खट् असा आवाज करतो, आणि आताच्या कारखान्यांत तो आकडा संगणकात नोंदलाही जातो.

मग टायमिंगची साखळी. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो, म्हणून वरच्या चक्राला खालच्या चक्राच्या दुप्पट दात असतात. समजा, वरच्या चक्राला ३२ दात आहेत आणि बसवताना साखळी एकच दात चुकली. ३६० भागिले ३२, म्हणजे सव्वाअकरा अंशांची चूक झाली. क्रँकच्या हिशेबाने ती साडेबावीस अंश होते. व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात, गाडी ओढत नाही आणि गिऱ्हाईक कंपनीला बोल लावते. शेवटी फिलर गेजने टॅपेटची फट मिलिमीटरच्या शतांशांत जुळवतात, आत हवेचा दाब देऊन कोठे गळती आहे का पाहतात, तेल भरतात आणि इंजिन चाचणीला जाते.

पालक मंडळी, या साऱ्या प्रवासात एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. खूण, अंश, शतांश, न्यूटन-मीटर, गट, क्रम : प्रत्येक थांब्यावर हाताच्या आधी एक आकडा उभा आहे. गॅरेजमधला उस्ताद पोराला सांगतो, "टाइट कर." कारखाना विचारतो, "किती?" आपला मुलगा आणि कारखान्याची नोकरी यांच्यामध्ये जी भिंत आहे ती या एका शब्दाची आहे. त्याच्या हातात काही कमी नसते, बहुधा लाईनवरच्या इतर मुलांपेक्षा त्याचा हात सफाईदारच असतो. परंतु पुढे टांगलेला सूचनांचा तक्ता तो वाचू शकत नाही, व्हर्निअरवरचे माप त्याला घेता येत नाही, आणि दहावीचा दाखला नसल्यामुळे मुळात फाटकाच्या आत जाण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. असे हुनरमंद तरुण मी फाटकाबाहेर पाहिले आहेत.

हात आणि कागद यांची ही फारकत आपल्या पूर्वजांना मान्य नव्हती. अल्-जझरी हा सुमारे आठशे वर्षांपूर्वी दियारबकरच्या दरबारात यंत्रे बनवणारा कारागीर होता. त्याने १२०६ साली पुरा केलेल्या ग्रंथात पाणी उपसण्याच्या यंत्रात क्रँकचा उपयोग वर्णिला आहे. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. हा माणूस स्वतः हातांनी यंत्रे करी, आणि ती दुसऱ्या कारागिराला करता यावीत म्हणून भागांची मापे आणि जोडणीच्या रीती आकृत्यांसह लिहून ठेवी. आजच्या कारखान्यातला सूचनांचा तक्ता त्याच जातीचा आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे, नाहीतर मी लाईनची जाहिरात करायला आलो आहे असे वाटेल. लाईनवरचे काम कंटाळवाणे असते. फोर्डच्याच कारखान्यातून १९१३ साली कामगार इतक्या झपाट्याने सोडून जात की जानेवारी १९१४ मध्ये त्याला दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर करावी लागली. आजच्या कारखान्यांत शिकाऊ आणि कंत्राटी हात पुष्कळ असतात, आणि कायम होण्याची हमी कोणी देत नाही. आणि जो माणूस वर्षानुवर्षे एकच बोल्ट आवळतो आणि बाकीच्या इंजिनाकडे पाहत नाही, त्याची जागा एक दिवस यंत्र घेते.

कारखानेही बदलतात. भांडुपची लॅम्ब्रेटा इतिहासजमा झाली. आकुर्डीचे वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्याच आकुर्डीत २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना उभा राहिला. त्या गाडीत पिस्टन नाही, रिंग नाही, टॅपेट नाही. ज्याला फक्त टॅपेटच येत होता त्याने तेथे काय करावे? परंतु ज्याला मोजता येते, नकाशा वाचता येतो आणि "असे का?" हा प्रश्न विचारता येतो, त्याला नवे यंत्र सहा महिन्यांत कळते. बोल्ट तेथेही आवळावेच लागतात, आणि किती आवळायचे ते तेथेही लिहिलेलेच असते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलाचा हात चालतो ही अल्लाहची देणगी समजा, पण तेवढ्यावरून त्याची शाळा सोडवू नका. सुट्टीत, रविवारी तो गॅरेजमध्ये जरूर बसू दे. पण दहावी, तीही गणित आणि विज्ञान घेऊन, पुरी होऊ द्या. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये फिटर किंवा मोटार मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी मिळू शकते. येथेच वाट संपत नाही. आय.टी.आय. झालेल्या मुलाला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, आणि पदविकेवरून पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. भायखळ्याची साबू सिद्दीक संस्था १९३६ पासून आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण देत आली आहे. दार आहे, ते उघडेही आहे. ते दहावीच्या उंबरठ्यापलीकडे आहे, इतकेच.

मुलींच्या पालकांनाही दोन शब्द. हे पुरुषांचे काम, असे समजून त्यांनी माझे भाषण सोडून दिले असेल. चाकणच्या कारखान्यातून २०१६ च्या अखेरीस डॉमिनार ही मोठी मोटारसायकल बाहेर पडू लागली, तेव्हा तिच्या जुळणीच्या लाईनवर सर्व मुलीच होत्या. खट् आवाज करणारा पाना कोणाच्या हातात आहे, हे बोल्टला कळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम सांगतो. गॅरेजमध्ये उभे राहण्याची संधी मिळाली तर खिशात वही ठेवा. उस्तादाने काय केले ते लिहा, का केले ते विचारा, आणि किती केले ते मोजा. उस्ताद पहिल्या दिवशी हसेल, महिन्याभराने तोच तुम्हाला विचारू लागेल.

संस्थेच्या चालकांपुढे एक छोटी मागणी ठेवून थांबतो. सी. एस. टी. रोडवर भंगारात निघालेले एक जुने इंजिन फार महाग पडणार नाही. ते आणा, शाळेच्या एका खोलीत टेबलावर ठेवा, शेजारी एक व्हर्निअर, एक फिलर गेज आणि एक टॉर्कचा पाना ठेवा. नववीच्या मुलामुलींना ते उघडू द्या, मोजू द्या आणि पुन्हा जुळवू द्या. गणिताचा तास कंटाळवाणा वाटणारी मुले त्या खोलीत स्वतःहून भागाकार करू लागतील. पुढच्या वर्षीच्या बक्षिसांच्या यादीत या कामासाठीही एक बक्षीस असावे. ते देण्याचा खर्च मी आनंदाने सोसेन.