होकार आणि मान
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनातील करमणुकीच्या कार्यक्रमाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. विषय हलकाफुलका खरा. परंतु त्याच्या पोटात एक जड प्रश्न आहे. एखाद्याच्या शारीरिक व्यंगावर सभागृह हसते आणि तो मनुष्यही 'माझी हरकत नाही' असे म्हणतो. तर मग त्यात वावगे काय?

हा प्रश्न फ्रान्स देशात न्यायासनापुढे गेला होता. पॅरिसजवळच्या मोर्सां-स्युर-ओर्ज या गावी १९९१ साली एका नृत्यगृहात एक खेळ व्हावयाचा होता. मान्युएल वाकेनहाइम या जेमतेम पावणेचार फूट उंचीच्या गृहस्थांना गिऱ्हाइकांनी उचलून गादीवर फेकावयाचे, असा तो खेळ. इजा होऊ नये म्हणून अंगावर जाड पोशाख असे, आणि श्रमाचा मोबदलाही मिळे. गावच्या नगराध्यक्षांनी खेळास मनाई केली. आश्चर्य हे की, मनाईविरुद्ध स्वतः वाकेनहाइमच दाद मागू लागले! १९९२ साली खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु २७ ऑक्टोबर १९९५ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मनाई कायम केली. मनुष्याची प्रतिष्ठा हा सार्वजनिक सुव्यवस्थेचाच भाग आहे, आणि त्या मनुष्याने संमती दिली म्हणून ती गहाण पडत नाही, असा त्या निकालाचा आशय. पुढे २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही वाकेनहाइम यांची तक्रार मान्य केली नाही.

निकाल आम्हांस पटतो; परंतु त्या गृहस्थांचे म्हणणेही कानाआड करवत नाही. आमच्यासारख्यांना काम मिळत नाही, आणि हातास काम असणे हीच माझी प्रतिष्ठा, असे ते सांगत होते. मनाई करणे सोपे होते. दुसरे काम देणे अवघड. ज्याच्यापुढे एकच दार उघडे आहे, त्याने त्या दारातून जाण्यास दिलेल्या होकाराचे मोल ते किती?

दूर कशास जावे? आमच्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक प्रहसन बसविले होते. आठवीतला एक मुलगा उंचीने फारच कमी होता. त्यास दुसऱ्या धिप्पाड मुलाने काखोटीस मारून रंगमंचावरून न्यावे, एवढेच त्याचे काम. आम्ही त्यास रीतसर विचारले. तो "हो, गुरुजी" म्हणाला. त्या प्रवेशाला सर्वांत अधिक हशा मिळाला, आणि आम्ही धन्यता मानली. पुष्कळ वर्षांनी तो भेटावयास आला. पेढे ठेवले, वाकून नमस्कार केला आणि जाता जाता म्हणाला, "गुरुजी, तुम्ही विचारलंत खरं, पण नाही म्हणायची सोय कुठं होती? त्यानंतर शाळा सुटेपर्यंत मला सगळे तसंच उचलत होते." आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

याचा अर्थ अपंगाने रंगमंचावर येऊच नये, असा कोणी करू नये. भारतीय सर्कशीचा पाया घालणारे विष्णुपंत छत्रे आपल्याच मुलखातले. सर्कशीच्या रिंगणात पडण्याची, उठण्याची, नेमक्या क्षणी फजिती करून घेण्याची विद्या साधलेले कमी उंचीचे विदूषक आपण पाहिले आहेत. जेथे हशा त्यांच्या कसबाला मिळतो, तेथे ते कलावंत आहेत. जेथे नुसत्या उंचीला मिळतो, तेथे ते तमाशाची वस्तू होतात. भेद एवढाच; पण तो डोंगराएवढा आहे.

आपल्या देशाचा कायदाही आता हे जाणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत खुजेपणाचाही समावेश आहे. चारचौघांच्या देखत अपंगाचा हेतुपुरस्सर पाणउतारा करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. 'आँख मिचोली' या चित्रपटाच्या प्रकरणात ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अपंगत्व समजून घेण्यास साहाय्य करणारा विनोद वेगळा आणि अपंगास हिणवणारा विनोद वेगळा, असा विवेक केला.

परंतु ज्ञातीच्या घरात कायद्याची वाट का पाहावी? आमची मंडळास तीन विनंत्या आहेत. असा प्रवेश बसविण्यापूर्वी त्या व्यक्तीस एकांतात विचारावे, आणि विचारणारा तिचा गुरू, वडील वा अन्नदाता नसावा. नकार दिल्यास तिला दुसरे, तितकेच मोठे काम द्यावे. आणि तिसरी विनंती ही की, या व्यासपीठाच्या पाच पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावा. आपल्यातील अपंग बंधुभगिनी आजवर वर आल्या त्या कोणी उचलून आणल्यामुळे. पुढील वर्षी त्यांनी आपल्या पायांनी, आपल्या चाकांच्या खुर्चीने वर यावे; आणि केवळ नाटकात नव्हे, कार्यकारी मंडळातही बसावे.