संगणकावरील नकाशांची पारख : जयपूरचे उदाहरण



स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात नकाशाला मोठे स्थान आहे. आज नकाशांची टंचाई उरलेली नाही. इंटरनेटवर एका शोधात शेकडो नकाशे समोर येतात. खरी अडचण आहे ती निवडीची. नकाशा कोणी तयार केला, कोणत्या वर्षाच्या माहितीवर केला आणि त्याचे प्रमाण काय, या तीन प्रश्नांची उत्तरे न देणाऱ्या नकाशावर विसंबून राहणे धोक्याचे असते. जयपूरच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

प्रथम वर्षाचा विचार करू. राजस्थानात दीर्घकाळ ३३ जिल्हे होते. ऑगस्ट २०२३ मधील पुनर्रचनेनंतर ही संख्या ५० झाली आणि जयपूर ग्रामीण, दूदू हे स्वतंत्र जिल्हे झाले. डिसेंबर २०२४ मध्ये या दोहोंसह नऊ जिल्हे रद्द करण्यात आले व संख्या ४१ वर आली. इंटरनेटवर हे तिन्ही प्रकारचे नकाशे आढळतात. आपापल्या काळापुरता प्रत्येक बरोबर आहे. मात्र वर्ष न पाहता पाठ केलेला नकाशा परीक्षेत गुण घालवू शकतो.

दुसरा मुद्दा कर्त्याचा. १७६७ मध्ये स्थापन झालेली भारतीय सर्वेक्षण संस्था ही देशाची अधिकृत नकाशा संस्था होय. तिच्या संकेतस्थळावर नोंदणी करून १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे मिळवता येतात. जुन्या पद्धतीत जयपूरचा नकाशा ४५ एन/१३, तर पुण्याचा ४७ एफ/१४ या क्रमांकाने ओळखला जातो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या मुक्त मालिकेत ही क्रमांकपद्धती बदलली. तेथे जयपूर ‘जी ४३’ या गटात येते. अक्षांश-रेखांश ठाऊक असल्यास हवा तो नकाशा शोधणे सोपे जाते.

टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराचे १९५० च्या दशकातील भारताचे नकाशेही खुले ठेवले आहेत. इतिहासाच्या अभ्यासाला ते उपयुक्त आहेत. आंतरराष्ट्रीय सीमांसाठी मात्र भारतीय सर्वेक्षण संस्थेचाच नकाशा प्रमाण मानावा.

नकाशा आणि जमिनीवरील वस्तुस्थिती यांत किती अंतर पडू शकते, हे जयपूरच्या ईशान्येकडील रामगढ जलाशय दाखवतो. याच तलावाने एकेकाळी शहराला पाणी पुरवले आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकास्पर्धाही येथेच झाल्या. जुन्या नकाशांत तो निळ्या रंगात दिसतो. पुढे पाणलोट क्षेत्रातील अडथळे व अतिक्रमणे वाढली आणि तलाव कोरडा पडला. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. आज शहराची तहान मुख्यतः टोंक जिल्ह्यात बनास नदीवर असलेल्या बिसलपूर धरणावर भागते.

असे बदल तपासण्यासाठी इस्रोने २००९ मध्ये सुरू केलेले ‘भुवन’ उपयोगी पडते. त्यावर उपग्रह प्रतिमांबरोबर २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ या वर्षांचे भूमी-उपयोजनाचे नकाशे आहेत. एकाच परिसराचे हे नकाशे शेजारी ठेवून पाहिल्यास शेती, पडीक जमीन आणि वाढते शहर यांतील स्थित्यंतर लक्षात येते.

विषयवार नकाशांसाठी कोलकात्याची राष्ट्रीय नकाशासंग्रह व विषयवार नकाशा संस्था आहे. प्रा. एस. पी. चटर्जी यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि १९५७ मध्ये पहिला राष्ट्रीय नकाशासंग्रह हिंदीत प्रकाशित झाला. भूस्तरांच्या माहितीसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ‘भूकोश’ आहे, तर मृदांच्या नकाशांचे काम नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था करते.

प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्याचा एक जुना स्थलदर्शक नकाशा आणि एक अलीकडची उपग्रह प्रतिमा घ्यावी, दोहोंतील पाच फरक टिपावेत आणि त्यांची कारणे लिहावीत. पाठांतरापेक्षा हा अभ्यास अधिक फलदायी ठरेल. कारण प्रशासनात गेल्यावर नकाशावरील निळा ठिपका पाहून पाण्याची योजना आखायची की आधी तलावात पाणी आहे का हे पाहायचे, हा निर्णय त्यांनाच घ्यावा लागणार आहे.