ओठांवरील फोड : समज, कारणे आणि सावधगिरी



ताप उतरता उतरता ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठला, की घरातील वडीलधारी मंडळी ‘उष्णता बाहेर पडली’ असे म्हणतात. त्यांचे निरीक्षण अचूक असते, कारण मात्र चुकते. हे फोड हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे येतात. ताप हे केवळ निमित्त.

हा विषाणू पुष्कळांच्या शरीरात बालपणीच, घरच्याच माणसांच्या लाळेतून शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ६४ टक्के लोकांत त्याचा पहिला प्रकार वास करून आहे. तेव्हा यात लाजण्यासारखे काहीच नाही. पहिल्या लागणीनंतर तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी निद्रिस्त राहतो. तेथून त्याला कायमचे हुसकावणारे औषध अद्याप नाही. ताप, जागरण, परीक्षेचा ताण, मासिक पाळी अशा निमित्तांनी तो जागा होतो आणि त्याच तंतूवाटे ओठाशी परततो. म्हणून फोड बहुधा ठरावीक जागीच उठतात. प्रखर ऊन हेही असेच निमित्त. हिमालयातील सहलीनंतर उठलेल्या फोडांचा दोष थंडीला दिला जातो. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांचा विचार सहसा कोणी करत नाही. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांनी ओठांना सूर्यकिरणरोधक मलम लावावे.

तोंड येणे हा विकार निराळा. तो संसर्गजन्य नव्हे.

फोड येण्यापूर्वी ओठ चुरचुरतो. अॅसायक्लोव्हिरसारखे औषध वैद्यकीय सल्ल्याने याच वेळी सुरू केल्यास उपयोगी पडते. खपली धरल्यावर त्याचा फारसा लाभ नाही. (हे औषध ज्यांच्या संशोधनातून आले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक लाभले.) औषधाविनाही फोड आठ-दहा दिवसांत बरे होतात. तोवर पेला आणि टॉवेल वेगळा ठेवावा, फोडाला हात लागल्यास तो धुवावा, आणि तो हात डोळ्याला तर मुळीच लावू नये. बुबुळाला इजा होऊ शकते.

परंतु खरी काळजी घ्यायची ती नवजात बालकाची. पहिल्या चार-सहा आठवड्यांत हा संसर्ग त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, प्राणावरही बेतू शकतो. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी, म्हणजे नेमके याच काळात येते, आणि प्रत्येक आप्ताला बाळाचा पापा घ्यावासा वाटतो. ओठावर फोड असलेल्या आत्याबाईंनी तो मोह आवरावा. यजमानांनीही भीड न बाळगता तसे सांगावे. आईच्याच ओठावर फोड असल्यास तिने हात धुऊन, तोंडाला मुखपट्टी बांधून बाळाला घ्यावे. स्तनावर फोड नसतील तर अंगावरचे दूध थांबवण्याचे कारण नाही. एवढ्या लहान बाळाला ताप आला, ते दूध पिईनासे झाले किंवा मलूल दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.