थंडीतील प्रवास आणि मुका सोबती

खरड हे पंजाबातील लहानसे शहर चंडीगडच्या पश्चिमेस अगदी लगत आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथे रात्री पारा पुष्कळदा पाच अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो आणि पहाटे समोरचा रस्ता दिसू नये इतके दाट धुके पसरते. बदलीने अशा प्रदेशात गेलेल्या मराठी कुटुंबापाशी एखादा कारवानी कुत्रा असला, तर हिवाळ्यात गावाकडे निघताना त्याचा विचार माणसांच्या आधी करावा लागतो. दख्खनच्या माळावर सशामागे धावणारे हे जनावर. केस आखूड, अंगावर चरबी बेताची. हिमाचलातील गद्दी मेंढपाळांच्या दाट केसांच्या कुत्र्याला जी थंडी सुखाची वाटते, तीच याला असह्य होते. धन्याने आपल्या ओव्हरकोटावरून त्याच्या गारठ्याचा अंदाज बांधू नये, हे बरे.

रेल्वेचा नियम स्पष्ट आहे. पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार शायिकांचा संपूर्ण कक्ष राखून घेतला, तर कुत्र्याला सोबत नेता येते. एरवी त्याची जागा ब्रेकव्हॅनमधील पेटीत. खाण्यापिण्याची व्यवस्था मालकानेच पाहावयाची. धुक्याच्या दिवसांत उत्तरेकडील गाड्या तासन् तास खोळंबतात आणि पेटीतील जनावर तेवढा वेळ गारठत राहते. पिलू, म्हातारा कुत्रा किंवा असा आखूड केसांचा प्राणी त्या दिवसांत पेटीतून नेऊच नये. संपूर्ण कक्ष परवडत नसेल, तर प्रवास फेब्रुवारीअखेरीपर्यंत लांबवावा. घरच्या मंडळींना हे रुचत नाही, ही गोष्ट वेगळी!

निघण्याच्या दिवशी त्याला आंघोळ घालू नये. ओले केस ऊब धरीत नाहीत. खाणे तीन-चार तास आधी उरकावे. खाली गोणपाट व जाड घोंगडी, अंगावर लोकरीची झूल एवढे असले म्हणजे पुष्कळ झाले. मोटारीने जाताना उभ्या गाडीत त्याला एकटे ठेवू नये. इंजिन बंद होताच आतली ऊब फार वेळ टिकत नाही.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. ते उतरू लागले म्हणजे प्रथम हुडहुडी भरते. पण हुडहुडी थांबून जनावर सुस्त पडले, तर त्याला आराम पडला असे मुळीच समजू नये. धोका तेथेच असतो. अशा वेळी त्याला कोरडे करून घोंगडीत गुंडाळावे, कोमट पाण्याची बाटली फडक्यात लपेटून पोटाशी ठेवावी आणि पशुवैद्याला गाठावे. थंडीत बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटविण्याचा प्रघात त्या बाजूस आहे. तिचा विषारी वायू माणूस आणि कुत्रा दोघांनाही झोपेतच गाठतो. गाडी मध्यरात्री मुक्कामी पोहोचली, तरी अशा खोलीत कोणीही निजू नये.