वजन कमी पडलं तेव्हा

(परभणी येथे स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



परभणीत उभं राहून शिडाच्या होडीवर बोलायचं, म्हणजे 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांनाही जरा जास्तच वाटेल. इथून समुद्र गाठायचा तर नंदिग्राम एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते. पण संयोजक मैत्रिणी म्हणाल्या, तू शर्यतीची तयारी कशी केलीस तेवढंच सांग, स्त्रीमुक्तीवर बोलायला आम्ही आहोत. म्हणून तेवढंच सांगते.

माझं माहेर जिंतूर तालुक्यातलं. पूर्णेवरचं येलदरी धरण घरापासून फार लांब नाही. गावच्या विहिरीत मुलगे पाठीला डबा बांधून पोहायला शिकायचे आणि आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. बाईनं पाणी डोक्यावरून वाहायचं, नाहीतर... 'विहीर जवळ केली' म्हणजे काय, ते या मांडवात समजावून सांगायला नको. माझ्या चुलत वहिनीनं ती जवळ केली तेव्हा मी नववीत होते. तिला काढायला उतरले ते सगळे पुरुष. पोहता येणारी बाई गावात एकही नव्हती.

नोकरीनिमित्त मुंबईला गेले आणि ३४व्या वर्षी पोहायला शिकले. तिथल्याच एका मैत्रिणीनं होड्यांच्या क्लबात नेलं. मुंबईत हे क्लब जुने आहेत, रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ सालचा. सुरुवातीला दोन वर्षं मी इतरांच्या होडीवर जात असे. तिथं बायकांचं काम ठरलेलं. होडी कलली की वरच्या कडेला जाऊन बसायचं, म्हणजे वजन म्हणून. आणि डबे उघडायचे. सुकाणू कुणी मागितलंच, तर वारा पडल्यावर पाच मिनिटं हातात मिळायचं.

मग आम्ही पाच जणींनी ठरवलं, फेब्रुवारीतल्या शर्यतीत आपली होडी उतरवायची. एक बँकेतली, एक शिक्षिका, एक नर्स, मी, आणि पाचवी कोळीवाड्यातली, एका दुकानात हिशेब लिहिणारी. होडी भाड्याची. जे-२४ म्हणतात तिला, २४ फूट लांब, माणसं पाच. नाव नोंदवायला गेलो तेव्हा एक वडीलधारे सदस्य म्हणाले, "सोबत एखादा अनुभवी माणूस घ्या." आम्ही पाच जणी माणसांत धरल्या नव्हत्या. असो.

नोव्हेंबरपासून दर रविवारी सराव. पावसाळ्यात होड्या काढून ठेवतात, म्हणून सगळा खेळ ऑक्टोबरनंतरचा. आधी लहान होडी मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करायला शिकलो. शिडाखालच्या आडव्या काठीला बूम म्हणतात. होडीनं बाजू बदलली की ती सपकन फिरते, तिच्याखालून मान वाचवायला शिकलो. शिक्षिकेला पहिल्याच महिन्यात टेंगूळ आलं, तिनं शाळेत जिन्यावरून पडले असं सांगितलं. हसू नका, खरी अडचण होती. घरी कळलं असतं तर रविवार बंद झाला असता.

होडीवर संडास नाही. पुरुष कडेला उभे राहतात. आम्ही काय करायचो, तर सकाळपासून पाणी प्यायचो नाही. दुपारी डोकी दुखायची, चुका व्हायच्या, आणि कुणी कारण बोलायचं नाही. शेवटी नर्सनं तोंड उघडलं. एक बादली, एक चादर, आणि पाळी असेल तर सांगायचं, त्या दिवशी कामं बदलून घ्यायची. इतका साधा उपाय सापडायला सहा आठवडे गेले.

मग वजनाचा प्रश्न आला. या होडीच्या नियमात पाच जणांचं मिळून वजन ४०० किलोपर्यंत चालतं. आम्ही भीत भीत काट्यावर चढलो. जन्मभर त्या काट्यानं आम्हांला लाजवलेलं. बेरीज आली २८५! आयुष्यात पहिल्यांदा वजन कमी पडलं. जोरदार वाऱ्यात होडी सपाट ठेवायला भार लागतो, तो आमच्याकडे नव्हता. म्हणून वारा वाढायच्या आत पुढचं मोठं शीड उतरवून लहान चढवायचं, हे घड्याळ लावून घोटलं. हलक्या वाऱ्यात मात्र आम्हीच पुढे राहणार होतो.

आता जे सांगायला जड जातं ते. सुकाणू मी घेतलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं. पैसे मी गोळा केले, फॉर्म मी भरला, आज्ञा इंग्रजीत मी द्यायचे. कोळीवाड्यातली वयानं लहान, अंगानं सडपातळ, म्हणून तिला पुढच्या टोकाला पाठवलं. तिचे वडील तांडेल. मुलीला त्यांनी कधी होडीवर नेलं नव्हतं, पण भरती-ओहोटी, उधाण-भांग तिच्या घरात जेवताना बोलली जायची. ती पुढून ओरडायची, "थांब, पाणी अजून फिरलं नाही." मी ऐकायचे नाही. तीन सराव-शर्यती आम्ही तशाच घालवल्या. तिसऱ्या वेळी ती धक्क्यावर उतरली आणि म्हणाली, "ताई, तिकडे तुला कडेला बसवत होते, इकडे तू मला बसवलंस."

मला राग आला. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग बँकेतलीनं सुचवलं, प्रत्येकीनं सुकाणू धरायचं, बाकीच्यांनी वेळ मोजायची. तीन रविवार मोजलं. माझा नंबर चौथा आला. तिचा पहिला, आणि फरक थोडका नव्हता. आज्ञा मराठीत आल्या. मी शिडाच्या दोऱ्यांवर गेले. मोठ्या मनानं गेले असं नाही, दोन दिवस धुसफुसत होते.

शर्यत सुरू व्हायला पाच मिनिटं असताना पहिलं निशाण चढतं, चार असताना दुसरं, आणि शेवटच्या मिनिटाला दुसरं उतरतं. रेषा आधी ओलांडली तर मागं फिरावं लागतं. ओहोटीचं पाणी सगळ्यांना रेषेकडे ढकलत होतं आणि दोन होड्या फसल्या. ही शांतपणे मागं थांबली. परतीच्या टप्प्यात पाणी उलटं होतं. बाकीचे मधून गेले, हिनं आम्हांला किनाऱ्याच्या उथळ भागाकडून नेलं, कारण तिथं प्रवाहाचा जोर कमी असतो. तीन होड्या मागं टाकल्या. नऊ होड्यांत आमचा पाचवा नंबर.

नौदलाच्या सहा जणी 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, ते तुम्ही वाचलं असेल. मला जास्त जवळची वाटते ती नेहा ठाकूर. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी, समुद्राविना भोपाळच्या तळ्यावर शिकली आणि २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. तळं तर आपल्याकडेही आहे.

पण होडी नंतर. उद्या सकाळी सात वाजता मागच्या मळ्यातल्या विहिरीवर मी उतरणार आहे. पायऱ्यांची विहीर आहे, मालकिणीला विचारलंय. डबे आणि दोर आणलेत, पोहता येणाऱ्या आणखी दोघी सोबत आहेत. यायचं असेल तर साडीवर येऊ नका, पंजाबी ड्रेस घाला. ओढणी घरी ठेवा. माझी आई येणार आहे. वय ६८. पाण्यात उतरणार नाही म्हणते, काठावर कपडे सांभाळते म्हणते. बघू.