वार्धक्यातील दृष्टिमांद्य आणि आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या आनंदाच्या प्रसंगी एखाद्या दुखण्याविषयी बोलावे, हे आपल्यापैकी कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या वडीलधाऱ्या मंडळींच्या श्रमांवर हा धर्मग्राम उभा राहिला, त्यांच्यापैकीच काहींना हे दुखणे जडते. आणि घरच्या माणसांस त्याची ओळख नसल्यामुळे दुखण्याच्या जोडीला गैरसमजाचे ओझेही त्यांना वाहावे लागते. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

माझ्या मातोश्रींचीच हकिकत सांगतो. सत्तरी उलटल्यावर मिस्सा संपून मंडळी पटांगणात आली, की समोर उभ्या राहिलेल्या माणसास त्या ओळख देईनाशा झाल्या. शेजारणी म्हणू लागल्या, ‘बाईंना आता गर्व चढला.’ प्रार्थनापुस्तक हाती दिले तर त्या म्हणत, ‘अक्षरे पुसल्यासारखी दिसतात.’ मात्र बाजूने मांजर सरकले तर त्यांना चटकन कळे, आणि अंगणात शिरलेली कोंबडी त्या नेमकी हाकलीत. आम्हां मुलांस वाटे, आई ढोंग करते. तसे तिला बोलूनही दाखविले. ते शब्द आज परत घेता येत नाहीत.

वस्तुतः ती सांगत होती ते अक्षरशः खरे होते. आपल्या डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा एक नाजूक पडदा असतो. त्याच्या मध्यभागी सुमारे ५ मिलिमीटर रुंदीचा एक भाग आहे, त्यास पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही बारीक नजरेची सर्व कामे या एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात. पडद्याचा उरलेला भाग आजूबाजूचे दाखवितो. वयोमानाने पीतबिंदू झिजला, तर जेथे पाहावे तेथेच धूसर डाग येतो, आणि जिकडे लक्ष नाही तिकडचे मात्र दिसत राहते. आईला मांजर दिसे व मुलाचे तोंड दिसत नसे, याचे कारण हेच.

आरंभी दृष्टिपटलाखाली पिवळसर कण साठतात. तेव्हा रोग्यास बहुधा काही जाणवत नाही. पुढे विकार बळावला की तो दोन रूपे धारण करतो. शुष्क प्रकारात पीतबिंदूच्या पेशी हळूहळू, कित्येक वर्षांच्या अवधीत, नाश पावतात. आर्द्र प्रकारात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून पाणी व रक्त झिरपते, आणि काही आठवड्यांतच दृष्टी ढासळू शकते. एक समाधानाची गोष्ट ही, की केवळ या विकाराने मनुष्य पूर्ण अंधारात जात नाही. कडेची नजर बहुधा टिकते. परंतु मोतीबिंदूप्रमाणे शस्त्रक्रियेने, अथवा नेत्रदानातून मिळालेल्या बुबुळाने, हा दोष दूर होत नाही, कारण तो डोळ्याच्या मागच्या पडद्यातच असतो.

आमची दुसरी चूक याहून मोठी झाली. आईचा एक डोळा आधीच अधू झाला होता. दुसऱ्याच्या बळावर तिचे काम चाले, म्हणून तिच्याही ते ध्यानात आले नाही. दुसरा बिघडला, दाराची चौकट तिला वाकडी दिसू लागली, तेव्हा आम्ही ‘वय झाले’ म्हणून महिनेच्या महिने दवडले. डॉक्टरांकडे नेले, तोवर पीतबिंदूवर वण पडून चुकला होता.

म्हणून माझी विनंती आहे, की पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने नित्याचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, खिडकीचे गज किंवा वहीच्या रेघा अधूनमधून पाहाव्यात. सरळ रेघ वाकडी दिसली, वा मध्ये डाग आढळला, तर पुढच्या सणाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ गाठावा. आर्द्र प्रकारावर डोळ्यात देण्याची इंजेक्शने २००० सालानंतरच्या दशकात प्रचारात आली. वेळीच दिल्यास ती पुष्कळांची दृष्टी सावरतात, मात्र ती वारंवार घ्यावी लागतात. शुष्क प्रकाराच्या प्रगत अवस्थेसाठी अमेरिकेत २०२३ साली दोन औषधांस मान्यता मिळाली. त्यांनी झीज मंदावते, गेलेली नजर परत येत नाही. विडी-सिगारेट या विकारास फार पोषक आहे. ती सोडणे आपल्या हाती आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. दृष्टी अधू झालेल्या काही वृद्धांना नसलेली माणसे, फुले वा नक्षी दिसतात. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांचा असा अनुभव १७६० साली लिहून ठेवला. हे वेड नव्हे, भूतबाधा नव्हे, आणि दैवी दर्शनही नव्हे. डोळ्याकडून येणारे चित्र तुटले, की मेंदू आपल्या पदरची चित्रे रंगवितो. कित्येक वृद्ध लोक हसतील या भयाने हे मनातच ठेवतात. त्यांना विश्वासाने विचारावे, आणि डॉक्टरांसही सांगावे.

नजर गेली म्हणजे आयुष्याचे प्रयोजन गेले, असे नाही. अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाचे माजी संपादक हेन्री ग्रुनवाल्ड हे जन्मभर अक्षरांवर जगलेले गृहस्थ. त्यांना हाच विकार जडला. तरी त्यांनी १९९९ साली याच अनुभवावर ‘ट्वायलाइट’, म्हणजे संधिप्रकाश, या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

आपणांस करावयाचे ते फार थोडे आहे. वृद्धांस भेटताना प्रथम आपले नाव सांगावे. ‘मला ओळखले का?’ अशी परीक्षा घेऊ नये. ते मान वळवून तिरपे पाहू लागले, तर तो अनादर समजू नये. शाबूत राहिलेल्या कडेच्या नजरेने ते आपला चेहराच शोधत असतात. घरात भरपूर उजेड असावा, वस्तू ठरल्या जागी असाव्यात, पांढरा भात रंगीत ताटात वाढावा. भिंगाचा उपयोग होतो. आणि रोज दहा मिनिटे कोणी मोठ्याने वाचून दाखविले, तर त्याहून अधिक उपयोग होतो.

माझ्या आईस मी अखेरची काही वर्षे असे वाचून दाखवीत असे. एके दिवशी ती म्हणाली, ‘बाळा, तुझे तोंड दिसत नाही, पण तू आज थकला आहेस.’ तिने आवाजावरून ओळखले होते. येत्या रविवारी पटांगणात एखाद्या आजीबाईंनी आपणांस ओळख दिली नाही, तर रागावून निघून जाऊ नये; जवळ जाऊन आपले नाव सांगावे, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेतो.