ज्ञानदान आणि अभयदान : स्वमग्न मुलांचे शिक्षक
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षांच्या सेवाकार्याचा ताळेबंद मांडण्याचा आजचा हा मंगल दिवस. जमेची बाजू पूर्ववक्त्यांनी विस्ताराने सांगितली आहे. मी व्यापारी माणूस. जमा पाहताना देणे किती राहिले हेही पाहण्याची मला सवय आहे. अशाच एका देण्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

माझा नातू स्वमग्न आहे. शाळेची घंटा झाली की तो कानांवर हात ठेवून बाकाखाली बसे. शाळेने त्याला घरी ठेवण्यास सुचविले. मी स्वतः म्हणालो होतो, "पोर हट्टी आहे, दोन फटके द्या." अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या घरात मी हे बोललो, याची खंत मला आजही वाटते. काही आप्तांनी 'पूर्वकर्म' म्हणून समजूत घातली. परंतु कर्मसिद्धांत स्वतःच्या आचरणाचा विचार करण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखापासून नजर वळविण्यासाठी नाही.

पुढे शहरातील एक प्रशिक्षित शिक्षिका लाभल्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला काहीच विचारले नाही. केवळ शांतपणे निरीक्षण केले. आपल्याला साधा वाटणारा घंटेचा आवाज त्याला असह्य होतो, हे त्यांनी ओळखले. त्यांनी दिवसभराच्या कामांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावली आणि घंटेपूर्वी घंटेचे चित्र दाखविण्याचा परिपाठ ठेवला. काही महिन्यांनी तो ते चित्र स्वतः काढून हाती घेऊ लागला. त्याचे भय ओसरले आणि मग अक्षरे आली.

ही हातोटी केवळ मायेने येत नाही. ती शिकावी लागते. डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. आपल्या देशात 1992 च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषद अशा शिक्षकांच्या अभ्यासक्रमांचे नियमन करते. पदवीधरांसाठी विशेष शिक्षणातील बी.एड. आहे, 2015 मध्ये त्याचा कालावधी एका वर्षावरून दोन वर्षांचा करण्यात आला. त्यात स्वमग्नता हा विषय विशेष अभ्यासासाठी निवडता येतो. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा आखणे, न बोलणाऱ्या मुलाशी चित्रांतून व खुणांतून संवाद साधणे, त्याच्या वर्तनामागील कारण शोधणे आणि पालकांना सोबत घेणे, हे सर्व तेथे प्रत्यक्ष मुलांसमवेत शिकविले जाते. त्यानंतर परिषदेकडे नोंदणी होते आणि मगच तो शिक्षक अधिकृत ठरतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत समावेश केला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढील स्तरांवर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. हक्क कागदावर आला. परंतु तो वर्गात पोहोचविणारा शिक्षक आपल्या गावात नाही. माझ्या नातवासाठी आम्ही शहराच्या फेऱ्या घालू शकलो. ज्यांच्याजवळ प्रवासखर्चही नाही, त्यांची मुले आजही घराच्या आतल्या खोलीत बसून आहेत.

जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1935 मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालयही काढले. खेडोपाडी ज्ञान न्यायचे तर शिक्षक घडवावे लागतात, हा त्यांच्या कार्याचा धडा आहे. आपण मात्र देणगी म्हटले की इमारत आणि संगमरवरी फलक यांचाच विचार प्रथम करतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून दरवर्षी दोन पदवीधर मुला-मुलींना, जातिधर्म न पाहता, या शिक्षणक्रमासाठी शुल्क व वसतिगृहाचा खर्च द्यावा. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी तीन वर्षे आपल्या तालुक्यात सेवा करावी. त्या काळात त्यांना सन्मानाने जगता येईल असे वेतन देण्याची हमीही ट्रस्टने घ्यावी; अन्यथा ते शहराकडे जातील आणि दोष आपलाच असेल. पहिल्या विद्यार्थ्याच्या दोन वर्षांचा खर्च माझ्या कुटुंबाकडून मी येथेच जाहीर करतो.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण लहानपणापासून ऐकत आलो. भेदरलेल्या बालकाला निर्भय करून अक्षर देणाऱ्या शिक्षकाच्या हातून शास्त्रदान आणि अभयदान एकत्रच घडते. असा शिक्षक घडविण्याचे पुण्य आपल्या ट्रस्टला लाभो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!